मामाचा पाय आणि माझी कोरफड

६ एप्रिल, रविवार. अकोला

ही वही खरं तर ब्यूटी पार्लरच्या कोर्सची. पहिल्या अडीच पानांवर भुवयांची चित्रं आहेत, मग कोर्स संपला. म्हणजे कोर्स चालूच होता, माझा संपला. त्याआधी बी.ए.चं दुसरं वर्ष असंच अर्ध्यात सुटलं. पुण्याच्या कॉल सेंटरात सहा आठवडे टिकले, सुरतेत साड्यांच्या घड्या घालायचं काम होतं तिथे अकरा दिवस. आता मी कोरफड लावणार आहे. लिहिताना मलाच हसू येतंय, पण ठरलंय.

मामाकडे येऊन आठ दिवस झाले. रामरावमामा एस.टी.तून रिटायर झालेले ड्रायव्हर. मामी दोन वर्षांपूर्वी गेली, रोहितदादा नोकरीला पुण्यात, घरात मामा एकटे. मी अमरावतीहून निघाले तेव्हा आई म्हणाली, "मामाकडं लक्ष देजो, त्याची शुगर वाढून राहिली." काल बोलता बोलता कळलं की तिनं मामालाही फोन करून ठेवलाय, "पोरीकडं लक्ष देजो." म्हणजे सध्या घरात दोन माणसं आहेत आणि दोघंही पहाऱ्यावर.

तर कोरफड. परवा चहा गाळताना हात भाजला. शेजारच्या माणिकबाई, त्या भाजीबाजारात बसतात, त्यांनी दारातल्या गंजक्या तेलाच्या डब्यातलं एक पान कापलं, उभं फाडलं आणि गर माझ्या हातावर चोळला. गार वाटलं. सकाळी फोडसुद्धा नाही. आणि त्या झाडाकडे वर्षभर कुणी ढुंकून पाहत नाही म्हणे! मला असलंच काम पाहिजे होतं, ज्याच्याकडे ढुंकून पाहावं लागत नाही.

लगेच मोबाइलवर कोरफडीचे व्हिडिओ लावले. दुसऱ्या व्हिडिओच्या मध्यातच शेजारी केकवर क्रीमचे गुलाब कसे काढतात ते दिसलं, तिकडे गेले, तासाभरानं परत आले. पण ठरलं ते ठरलं. घरोघरी कोरफडीची कुंडी द्यायची आणि गर कसा काढायचा ते शिकवायचं.

मामा म्हणाले, "कर. पन माती आपल्या वावरातली आन. दर्यापूरची काळी. त्या मातीत छत्री रोवली तं तिलेबी पानं येतीन."

९ एप्रिल

दर्यापूरला जाऊन आलो. मोठे मामा पंजाबराव तिथेच वावरात राहतात. दीड वर्षापूर्वी शुगरपायी त्यांचा एक पाय गेला, गुडघ्याखालून. बाजेवर बसल्या बसल्या त्यांनी माझी सगळी चौकशी केली, कोरफड म्हटल्यावर मोठ्यानं हसले. रामरावमामा मात्र सगळा वेळ बांधावर पोतं भरत होते. "रामा, बस ना लेका दोन मिनिटं," मोठ्या मामांनी दोनदा हाक मारली. "गाडी सुटंन," म्हणाले. गाडीला दीड तास होता. ड्रायव्हर लोकांना वेळेचं जरा जास्तच असतं.

पोतं एस.टी.च्या मागच्या सीटखाली सरकवलं. कंडक्टर ओळखीचा निघाला. म्हणाला, "रामरावभाऊ, गाडी चालवनं सोडलं अन् वावर घेऊन फिरता काय?"

१३ एप्रिल, रविवार

बारा कुंड्या भरल्या. माणिकबाईंच्या डब्यात मूळ झाडाच्या बुडाशी पिल्लं फुटली होती, ती अलगद सोडवून लावली. त्यांनी माती पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"काळी? पोरी, हे काय पऱ्हाटी हाये काय कापूस वेचाले? अर्धी रेती टाक, मुरूम टाक, अन् पानी द्याचं विसरून जाय."

मामा आतूनच ओरडले, "माणिकबाई, तुमी भाजीचं पाहा. मातीचं आमाले समजते."

मी मामाच्या बाजूनं. चार पिढ्यांची माती आहे. आणि पाणी विसरायचं म्हणजे काय? माझा उत्साह ताजा आहे. सकाळ-संध्याकाळ तांब्या तांब्या घालतेय.

२१ एप्रिल

माझं पहिलं गिऱ्हाईक आज दारात उभं राहून मला शिव्या देऊन गेलं. देवीदासकाका, मामाच्या गाडीवरचे जुने कंडक्टर. काल पोट साफ होत नाही म्हणाले. मी माणिकबाईंकडून जाडजूड पान आणलं, सालीसकट मिक्सरला फिरवलं, ग्लासभर दिलं. कोरफड कापली की पान उभं करून ठेवायचं, त्यातला पिवळा चीक पूर्ण गळू द्यायचा, तो चीक पोटात गेला की माणसाचं काही खरं नाही, हे त्या व्हिडिओत नीट सांगितलंय. आज पाहिलं. ते केकच्या गुलाबानंतर होतं.

"तीस वर्स एस.टी.त काढले," काका भिंतीला धरून म्हणाले, "एका रात्रीत इतक्या फेऱ्या माह्या कधी झाल्या नाहीत."

मामा हसून हसून रडले. मामी गेल्यापासून ते असे हसले नव्हते म्हणे. म्हणजे अगदीच फुकट गेला नाही तो ग्लास.

४ मे, रविवार

बारा दिवस लिहिलं नाही. कारण मी नव्हते.

झालं असं की २५ तारखेला लहान कुंड्या पाहायला अमरावतीला गेले. एका दिवसात परतायचं होतं. बसस्टँडवर शाळेतली रागिणी भेटली, ती परतवाड्याला चालली होती. परतवाड्यापर्यंत जावं म्हटलं. परतवाड्याला गेल्यावर चिखलदरा वरच तर आहे. तिथे गार वारा. गार वाऱ्यात माणसाला कुंड्या आठवत नाहीत. मधे एकदा मामांना फोन केला, "झाडांना पाणी घालाल ना?" ते म्हणाले, "तू फिर निवांत." मी निवांत फिरले. येताना कुंड्या आणायच्या राहिल्या.

काल परत आले तर मामा एक पाय टाचेवर टाकून चालत होते. परवा भर दुपारी दीड वाजता गच्चीवर झाडांना पाणी घालायला गेले, अनवाणी. अकोल्याचा मे महिना, स्लॅबवर पापड भाजावा असं ऊन.

"चप्पल काहून नाही घातली मामा?"

"झाडापाशी चप्पल घालून जातेत काय?"

तळव्याला फोड आलाय. मी म्हटलं दाखवा, गर लावून देते. तर मामांनी पाय असा मागे घेतला, जणू मी विळा घेऊन आले होते. "तू भाची हायेस माही. तू पायाले हात लावशीन तं मले कुठी जागा भेटंन? नरकातबी नाही."

हे आमच्याकडे असंच आहे. मामा भाचीच्या पाया पडतो, भाचीनं मामाच्या पायाला हात लावायचा नाही. मार्चअखेर मी सुरतेचं सगळं सोडून, एक बॅग आणि पडका चेहरा घेऊन दारात उभी होते, तर हा सत्तरीचा माणूस आधी वाकला, मग विचारलं जेवली काय. अशा वेळी आपण किती नालायक आहोत ते नीट कळतं.

तर मधला मार्ग काढला. मी गर काढून वाटीत देते, चीक पूर्ण गाळून (शिकले), मामा खोलीत दार लोटून स्वतः लावतात.

७ मे

"कसं आहे मामा?"

"एकदम ओके. ठणका नाही, आग नाही. फोड फुटला तरी कळलं नाही पाह्य."

तीन दिवसांत! इतका मोठा चटका आणि अजिबात दुखत नाही. मी स्वतःचा चहाचा चटका आठवला, दोन दिवस फुंकर मारत बसले होते. म्हणजे माझ्या गरात माणिकबाईंच्या गरापेक्षा काहीतरी जास्त आहे. काळ्या मातीचा गुण असावा. (गर अजून त्यांच्याच डब्यातला आहे, हे लिहिता लिहिता लक्षात आलं. माझी पिल्लं लहान आहेत. तरीपण.)

पुठ्ठ्यावर स्केचपेननं पाटी केली: "भाजलं? ठणका लगेच बंद." देवीदासकाका पाटी वाचून म्हणाले, "खाली लिही, पोटात घेऊ नये."

११ मे, रविवार

कुंड्यांमध्ये काहीतरी बिनसलं. पानं वरून हिरवीगार आहेत, पण मऊ. एक जरा सरळ करायला गेले तर अख्खं झाड हातात आलं. खाली मूळ नाहीच, नुसता तपकिरी रबडा. आणि वास! सहा झाडं अशीच निघाली. काळी माती पाणी धरून बसते आणि मी रोज दोन तांबे देत होते. मामा म्हणाले, "मातीचा दोष नाही." माणिकबाईंनी फक्त स्वतःच्या डब्याकडे पाहिलं. ते जास्त लागलं.

उन्हानं करपू नयेत म्हणून कुंड्या पुढच्या खोलीत आणल्या होत्या, त्यामुळे वास आता घरभर आहे.

१५ मे

वास जात नाही. फिनाइलनं दोनदा पुसलं. कुलरमधून येतोय की काय म्हणून कुलर धुतला, मग कुलरची मोटर कशी बसवतात ते पाहण्यात दुपार गेली, आता कुलर आवाज करतो.

मामा या उकाड्यात पायमोजे घालून बसतात. गर लावल्यावर पाय फरशीला चिकटतो म्हणे. आजकाल गच्चीवर येत नाहीत, चौकात पेपर वाचायला जात नाहीत. विश्रांती घेताहेत हे बरंच आहे. आणि एक सांगू, रोज सकाळी स्वतःहून वाटी मागतात. "प्रणाली माय, तुही दवा आन." मी आजवर जे काही केलं त्यावर इतका भरवसा कुणी ठेवला नव्हता. कॉल सेंटरात तर लोक माझा आवाज ऐकला की फोन ठेवायचे.

१९ मे, सोमवार

सकाळी उरलेल्या कुंड्याही बाहेर नेऊन ठेवल्या. माणिकबाई काकड्या घेऊन आल्या, उंबऱ्यातच थांबल्या.

मी म्हटलं, "झाडं सडली होती ना, त्याचा वास राहिलाय."

त्यांनी दोनदा श्वास घेतला. तोंडावर पदर धरला नाही, त्यावरूनच मला काहीतरी वाटलं. हळू आवाजात म्हणाल्या, "हा झाडाचा वास नाही वं. चाळीस वर्स झाले सडका भाजीपाला फेकून राहिली मी. हा मांसाचा हाये. मामाचा पाय पाह्यला काय तू?"

पाहिला नव्हता. सतरा दिवस मी ज्या पायाला औषध देत होते तो पाय मी एकदाही पाहिला नव्हता. हे वाक्य मी दोनदा लिहिलं आणि एकदा खोडलं.

दुपारी मामा झोपले. मोजे काढून पायांवर चादर घेतली होती, कुलरच्या वाऱ्यानं ती सरकली. मी बाजेच्या पायथ्याशी उकिडवी बसले आणि मोबाइलची बॅटरी लावली. हात लावला नाही. अंगठ्याच्या खाली, तळव्याला, एक खड्डा. कडा काळ्या. अंगठा जांभळा. त्यावर माझा गर वाळून चकचकत होता.

मान वर केली तर मामा जागे.

"पाह्यलं?"

"मामा, हे कधीपासून असं?"

"झाले आठ-दहा रोज."

"तुमाले मालूम होतं?"

"मोजा ओला येत होता. मालूम कसं नाही राहीन?"

"मंग रोज वाटी कशाले मागत होते?"

मामांनी पायांवर चादर सारखी केली. "तू देत होती, माय. अन् दवाखान्यात चाला म्हनत नव्हती. पंजाबदादाबी असाच एक फोड घेऊन गेला होता. सोताच्या दोन पायानं चालत गेला."

मला रडू यायला पाहिजे होतं, आधी राग आला. मामावर नाही. मी स्वतःला भोंदू वैद्य तरी समजत होते. मी तेवढीसुद्धा नव्हते. मी नुसता बहाणा होते, वाटीत घालून दिलेला.

मी म्हटलं चला. ते म्हणाले उद्या. मी म्हटलं आत्ता. ते म्हणाले रोहितला विचारू, गुरुवारी देवीदास येते त्याले घेऊन जाऊ, ऊन उतरू दे. माझं कोण ऐकणार, मी काय पूर्ण केलंय आजवर? मग डोक्यात आलं ते केलं. पदर नव्हता, ओढणी होती, ती खोचली, दोन्ही हात पुढे केले आणि वाकले.

"काय करून राहिली तू!"

"पाया पडून राहिली. डोकंबी टेकवते."

मामांनी दोन्ही पाय पोटाशी ओढून घेतले. "नको! नको वं माय, पाप लागंन!"

"मंग उठा."

"संध्याकाळी..."

मी आणखी वाकले. माझी बोटं चादरीला लागली असतील नसतील, मामा भिंतीला टेकून ओरडले, "आटो बोलाव! आटो बोलाव म्हनतो न!"

माणिकबाई बाहेरच उभ्या होत्या. ऑटो आधीच थांबवलेला होता.

२० मे. सरकारी दवाखाना

बाकावर बसून लिहितेय. डॉक्टरबाई माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठ्या असतील. विचारलं, किती दिवस, काय लावलं. मी म्हटलं, "कोरफड. मी दिली." थप्पड बसेल अशा तयारीनं उभी होते.

त्या म्हणाल्या, "कोरफड वाईट नाही. चटका दुखतोय, वरवरचा आहे, लावा. पण शुगरच्या माणसाचं भाजलं आणि दुखत नाही म्हणाला, की त्याच दिवशी आणायचं. न दुखणं हाच आजार आहे त्यांचा."

पुठ्ठ्यावरची ती पाटी अजून दारावर आहे. "ठणका लगेच बंद."

मग त्यांनी मामांना डोळे मिटायला सांगितलं. एक नायलॉनची बारीक तार पायाला ठिकठिकाणी टोचून पाहायची, कळलं की 'हो' म्हणायचं. मामा अगदी शाळेतल्या पोरासारखे ताठ बसले. बाईंनी टाचेला टोचलं, बोटांना टोचलं, दहा जागा झाल्या. मामा डोळे मिटूनच म्हणाले, "करा न सुरू, मॅडम."

बाईंनी तोवर तार खिशात ठेवली होती.

सलाइनमधून औषध चालू आहे. दोन दिवसांत ठरेल, अंगठ्यावर भागतं की वर जावं लागतं.

२२ मे

आई आली. वॉर्डात शिरल्या शिरल्या मामांना म्हणाली, "तुले पोरीकडं लक्ष द्याले सांगतलं होतं," आणि मग माझ्याकडे वळली. दोघांनी खाली मान घातली.

संध्याकाळी मोठ्या मामांचा फोन. स्पीकरवर लावला. "रामा, गेला तं गेला. मी काय मेलो काय? बसू दोघं बाजेवर." मामांनी हुंकार भरला, फोन माझ्याकडे दिला आणि भिंतीकडे तोंड केलं.

२३ मे

अंगठा काढला. पाय राहिला.

३ जून

घरी आणलं. सिस्टरनं बजावून सांगितलंय, जखम भरेल, पण यापुढे दोन्ही तळवे रोज पाहायचे. रोज. काही झालं तर पायाला कळणार नाही, म्हणून डोळ्यांनी पाहायचं. "घरात कोण पाहील?" मी म्हटलं मी. मामा म्हणाले, "ते भाची हाये माही." सिस्टर नागपूरची. तिला पटकन कळलं. म्हणाली, "मग आरसा ठेवा खाली."

कपाटाच्या दारावरचा आरसा स्क्रू काढून उतरवला. फरशीवर ठेवला, मामा खुर्चीत, पाय वर धरलेला, मी बॅटरी घेऊन पालथी.

"हात नाही लावला न?"

"आरशाले लावला."

मामा वाकून बघू लागले. बराच वेळ. बत्तीस वर्षं ज्या पायानं ब्रेक मारला तो खालून कसा दिसतो हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं असावं. "लय खराब रस्ता हाये बावा," म्हणाले. मग थोड्या वेळानं, "हे रोज पाहा लागते?"

"रोज."

"किती दिवस?"

"कायमचं, मामा."

त्यांनी पाय खाली घेतला. "तू कुठी कायम राह्यली हायेस वं आजवर?"

टोमणा नव्हता. खरंच विचारत होते. मी आरसा पुसत बसले.

४ जून

पाहिला. काही नाही.

५ जून

पाहिला. काही नाही. ड्रेसिंगला नेलं, जखम लाल आहे, लाल चांगली असते म्हणे.

६ जून

पाहिला. डाव्या टाचेला भेग. रागिणीचा फोन, तिच्या मावसबहिणीच्या होमस्टेवर काम आहे, दोन महिने, समुद्र समोर. भेगेला डॉक्टरबाईंनी दिलेलं मलम लावलं. म्हणजे मामांनी लावलं, मी आरशातून डावीकडे, उजवीकडे सांगितलं. आरशात सगळं उलटं दिसतं, अर्धं मलम घोट्याला गेलं.

७ जून

पाहिला. भेग तशीच.

८ जून

पाहिला. भेग बुजतेय. रागिणीला कळवायचं आहे.

९ जून

सकाळी विसरले. मोबाइलवर समुद्र पाहत होते. दुपारी आतून हाक आली. जाऊन पाहते तर मामांनी स्वतः आरसा फरशीवर ठेवलेला, दोन्ही पाय वर धरून बसलेले, मांड्या थरथरताहेत. किती वेळ बसले होते कोण जाणे.

"ये लवकर. ड्युटी हाये तुही."

पाहिले. दोन्ही. काही नाही.

१० जून

पाहिले. काही नाही.

११ जून

पाहिले. काही नाही.